किरुना: उणे तीसपेक्षा शून्याची धास्ती

(मूळ शीर्षक 'मदत हवी: स्वीडनची थंडी' होते. चर्चा पुढे भलतीकडे, पण चांगल्या वाटेला गेल्यामुळे बदलले आहे. – संपादक)

गोदाकाठ · ८ जुलै २०२३

नमस्कार मंडळी. लेकीला लुलेओ विद्यापीठात अवकाश-तंत्रज्ञानाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. आनंदच आहे, पण वर्ग लुलेओत नाहीत, किरुनाच्या कॅम्पसमध्ये आहेत. नकाशात बोट वर वर नेत गेले, ते आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे जाऊन थांबलं.

आम्ही नाशिकचे. निफाडचा पारा पाचावर आला की आमच्याकडे पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. किरुनाबद्दल शोधलं की उणे तीस आणि आकाशातले हिरवे दिवे (नॉर्दर्न लाइट्स), एवढंच दिसतं. मला नीट वर्ष कळायला हवंय. वर्षभर बर्फ असतो का? अंधार म्हणजे किती अंधार? जॅकेट इथून घ्यावं का तिथून? ऑगस्टअखेर निघायचंय. सासूबाईंनी आजच जुन्या नऊवारी काढून गोधडी शिवायला घेतली आहे.

भुईमूग · ८ जुलै

अभिनंदन! प्रश्न वाचूनच पंखा बंद केला.

एडमंटनकर · ८ जुलै

उणे चाळीस आम्ही दर हिवाळ्यात बघतो, उगाच बाऊ करू नये. जॅकेट भारतातून अजिबात आणू नका. आमच्याकडे दरवर्षी नवे विद्यार्थी मनालीला घेतलेलं जाडजूड जॅकेट घालून उतरतात आणि डिसेंबरपर्यंत ते सोफ्याची उशी झालेलं असतं.

पांढरीवाट · ९ जुलै

गोदाकाठताई, मी २०१६ पासून किरुनात आहे. नवऱ्याची नोकरी खाणीत, माझी शाळेत. गोधडी जरूर पाठवा. अंगावर घ्यायला नाही, खिडकीवर टांगायला. आत्ता रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि लिहिताना उन्हाची तिरीप कीबोर्डवर पडली आहे. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. पहिल्या वर्षी मी रात्री एकला कपडे वाळत घातले होते. शेजारीण तेव्हाच कुंड्यांना पाणी घालत होती, त्यामुळे दोघींनाही काही वावगं वाटलं नाही.

आता वर्ष सांगते. जानेवारीची सरासरी उणे बारा-तेराच्या आसपास, जुलैची अधिक बारा-तेरा. सबंध वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून पाचेकशे मिलिमीटर, म्हणजे तुमच्या नाशिकपेक्षाही कमी. ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत सहसा जमीन दिसत नाही, ती बर्फ रोज पडतो म्हणून नाही. एकदा पडलेला जातच नाही.

इथे ऋतू तारखेने लागत नाहीत. स्वीडिश हवामान खात्याचा हिशेब असा की दिवसाची सरासरी सलग पाच दिवस शून्याच्या खाली राहिली, तर हिवाळा पहिल्या दिवसापासून आला असं धरायचं. सलग पाच दिवस दहाच्या वर गेली की उन्हाळा. दहा अंशांना उन्हाळा! पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. आता बारा अंशांना मी स्वतः अर्ध्या बाह्यांत फिरते.

पण पारा किती खाली जातो याची चिंता करू नका. उणे वीस-पंचविसाची हवा कोरडी असते. नाकातले केस ताठ होतात, चष्मा धुरकटतो, पायाखालचा बर्फ आरारुटाची पिशवी चिमटीत दाबल्यासारखा कर्र वाजतो. कपडे असतील तर बरंच वाटतं, मुलं सुट्टीत बाहेर खेळतात. त्रास होतो तो शून्याला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये दिवसा वितळतं, रात्री गोठतं, सकाळी रस्त्यावर काच पसरलेली. त्यावर भुरभुर बर्फ पडला की काच झाकली जाते आणि मग ती जास्त वाईट. माझं मनगट मोडलं तेव्हा बाहेर अधिक एक होतं. उणे तिसात आजवर काही मोडलेलं नाही.

म्हणून जॅकेटच्या आधी बुटांचं बघा. बूट इथेच घ्यायचे, एक नंबर मोठे, आत लोकरीचा जाड मोजा मावायला हवा. बुटांना खालून अडकवायचे खिळे मिळतात, त्यांना ब्रोडार म्हणतात, ते पहिल्या दिवशी घ्यायचे. नाशिकहून फक्त लोकरीचे आतले कपडे आणा, मिळाले तर. सुती बनियन घामाने ओला होतो आणि मग अंगावर ओलं फडकं गुंडाळून फिरल्यासारखं होतं.

गोदाकाठ · ९ जुलै

एवढं कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "खिडकी केवढी आहे?"

दर्यावर्दी · १० जुलै

पांढरीवाट, तुमच्या खाणीचं लोखंड मी उचललेलं आहे. मर्चंट नेव्हीत असताना नार्विकला दोन फेऱ्या झाल्या. किरुनाहून रेल्वेने दीडपावणेदोनशे किलोमीटर, नॉर्वेचं बंदर. एका जानेवारीत आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा पाऊस पडत होता. पाऊस, बर्फ नव्हे! आणि घाटावरून उतरलेल्या खनिजाच्या वाघिणींवर बर्फाचे थर. ड्रायव्हर म्हणाला, निघालो तेव्हा उणे चोवीस होतं.

नार्विक अडुसष्ट अंश उत्तरेला असूनही गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकतो. उलट बाजूचा बोथनियाचा आखात किती तरी दक्षिणेला असून हिवाळ्यात गोठतो आणि लुलेओ बंदरात बर्फफोड्या जहाजं लागतात. म्हणून तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगर फोडून नार्विकपर्यंत रूळ टाकले. किरुनाला त्या समुद्राची थोडी ऊब पोचते, पाणी मात्र डोंगर अडवतात. आपल्या सह्याद्रीसारखंच: महाबळेश्वरला धो धो, वाईला रिमझिम.

पांढरीवाट · १० जुलै

अगदी. आणि आमचं वाई म्हणजे अबिस्को. इथून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, डोंगरांच्या बरोबर आडोशाला. तिथे वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पडतं, स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या गावांपैकी एक. आकाश इतरांपेक्षा जास्त मोकळं राहतं म्हणून हिरवे दिवे बघायला येणारे तिथेच जातात. (दिव्यांबद्दल मी लिहिणार नाही. सगळं जग लिहितं.)

सुगरण_आजी · ११ जुलै

माझा प्रश्न कुणाला फालतू वाटेल. मुलगी संकष्टी करत असेल तर तिथे चंद्रोदय किती वाजता धरायचा?

भुईमूग · ११ जुलै

आजी, सूर्य मावळत नाही तिथे चंद्राचं काय घेऊन बसलात?

नक्षत्रवेडा · ११ जुलै

भुईमूग, प्रश्न फालतू मुळीच नाही, फार सुंदर आहे. किरुनाचं अक्षांश ६७ अंश ५१ कला. ज्या ज्योतीची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर) दक्षिणेकडे बावीस अंशांच्या पलीकडे गेली ती तिथे क्षितिजावर येत नाही आणि उत्तरेकडे तेवढीच गेली की मावळत नाही. चंद्र महिन्यातून एकदा एकीकडे आणि एकदा दुसरीकडे जातो. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून उन्हाळ्यात तो खाली आणि हिवाळ्यात वर.

सध्या चंद्राची कक्षा अशी आहे की ही दोन्ही टोकं पुढची काही वर्षं आणखी ताणली जातील. म्हणजे आजी, मे महिन्यातल्या संकष्टीला चंद्र उगवणारच नाही आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या संकष्टीला मावळणारच नाही. पहिल्या वेळी उपास सुटायचा नाही, दुसऱ्या वेळी धरायची गरज नाही.

सूर्याचंही सांगतो. २१ जूनला भर दुपारी किरुनाचा सूर्य साडेपंचेचाळीस अंशांवर असतो. पुण्यात २१ डिसेंबरला दुपारी तो अठ्ठेचाळीसवर असतो. म्हणजे किरुनाचा सगळ्यांत चढलेला सूर्य पुण्याच्या सगळ्यांत उतरलेल्या सूर्यापेक्षाही खाली.

सुगरण_आजी · ११ जुलै

मग नाशिकच्या चंद्रोदयाला सोडावा. बाप्पा समजून घेतो.

एडमंटनकर · १२ जुलै

धाग्यावर परत येतो. अंधाराचं कोणी बोलतच नाही. आमच्याकडे डिसेंबरात सात-साडेसात तास उजेड असतो, तरी लोक ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या खातात. तिथे तर शून्य तास. मुलगी एकटी आहे. हे गोड करून सांगू नये.

पांढरीवाट · १२ जुलै

गोड करत नाही. साधारण १० डिसेंबर ते १ जानेवारी सूर्य क्षितिजावर येत नाही. पण तो फार खालीही जात नाही, त्यामुळे दुपारी तीन-चार तास संधिप्रकाश असतो. तो प्रकाश निळा असतो. बर्फ निळा, घरं निळी, माणसांचे चेहरेही. वाचता येतं, चालता येतं. नोव्हेंबरात बर्फ कमी असेल तर त्याहून जास्त अंधारलेलं वाटतं, कारण काळी जमीन उजेड गिळते. बर्फ पडला की गाव उजळतं.

गोळ्या आम्हीही घेतो. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणं, कितीही कंटाळा आला तरी. आणि डिसेंबर लागला की इथे प्रत्येक खिडकीत दिव्यांची कमान आणि कागदाचा चांदणीसारखा कंदील लागतो. माझा दिवाळीचा आकाशकंदील मी जानेवारीपर्यंत उतरवत नाही, कुणाला शंकासुद्धा येत नाही.

एक सांगायचं राहिलं. रात्री दीडच्या सुमाराला पलंग हलला तर घाबरायचं नाही. खाणीत रोज त्या वेळेला सुरुंग लावतात. हवामानाशी संबंध नाही, पण पहिल्या रात्री सगळ्यांचे फोन घरी जातात.

गोदाकाठ · ३० ऑगस्ट

पोचली. पहिल्याच रात्री पावणेदोनला फोन. मी म्हटलं, "सुरुंग आहे, झोप." ती म्हणाली, "आई, तुला कसं कळलं?"

तापमान अकरा. स्वेटर घालून बसली आहे आणि स्वीडिश पोरं अर्ध्या चड्डीत सायकली हाणतायत म्हणे.

पांढरीवाट · ३१ ऑगस्ट

डास संपता संपता आली, नशीबवान आहे. जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पाणथळीवरून येतात ते डास नसतात, वऱ्हाड असतं. इथले लोक डांबराच्या वासाचं तेल फासून फिरतात.

आता तिला पुढच्या शनिवारी डोंगराकडे पाठवा. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बुटकी भूर्जं पिवळी होतात आणि जमिनीवरची खुरटी झुडपं लाल. हे सगळं दहा-बारा दिवस चालतं, मग एक वारा येतो आणि संपतं. लिंगोनची लाल फळं कुणीही कुठल्याही रानातून खुडू शकतं, मालकाला विचारावं लागत नाही. त्याचं लोणचं मी घालते. कैरीची सर नाही, पण वरणभाताबरोबर चालतं.

गोदाकाठ · १३ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं. तिथे सूर्य दुपारी दोनच्या सुमाराला मावळला, त्यामुळे प्रदोषकाळ शोधावा लागला नाही. पणती बाहेर ठेवली तर मेण, तेल सगळं गोठलं. शेवटी बर्फाच्या गोळ्यांचा किल्ला केला, त्याच्या पोटात मेणबत्ती ठेवली. फोटो पाठवला आहे, किल्ला आतून केशरी दिसतोय.

आणि हो, पडली. ब्रोडार पिशवीत होते, बुटांना नव्हते. मुका मार आहे. तापमान विचारलं. शून्य.

भुईमूग · १३ नोव्हेंबर

पांढरीवाट यांना भविष्य बघायला बसवा.

गोदाकाठ · ४ जानेवारी २०२४

मंडळी, काल बातमी वाचली. क्विक्जोकजवळ उणे ४३.६. पंचवीस वर्षांतला स्वीडनचा सर्वांत थंड जानेवारीचा दिवस म्हणे. रेल्वे बंद. लेक म्हणते "आम्ही बरे आहोत", पण त्या "बरे"त काय काय दडलंय कुणाला माहीत.

पांढरीवाट · ४ जानेवारी

खरंच बरे आहोत. क्विक्जोक दरीत आहे, इथून बरंच दक्षिणेला. माझ्या घराशी त्यापेक्षा बरंच कमी थंड होतं. गाडी रात्रभर खांबाच्या प्लगला लावली होती. इथल्या वाहनतळांवर खांबांना सॉकेट असतात, त्यातून इंजिनाच्या पोटातला हीटर चालतो. तसं केलं नाही तर सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. फोन आतल्या खिशात ठेवायला सांगा, बाहेर काढला की बॅटरी मान टाकते.

गोदाकाठ · ४ जानेवारी

दरीत जास्त थंडी, डोंगरावर कमी? हे उलटं नाही का?

पांढरीवाट · ५ जानेवारी

ताई, तुम्ही निफाडच्या शेजारच्या ना? द्राक्षवाल्यांना विचारा, कडाक्याच्या रात्री आधी कुठली बाग जाते. ओढ्याकाठची, खोलगटातली. गार हवा जड, ती रात्री उतारावरून घरंगळत खाली साचते. म्हणून तर ते खालच्या बागेत शेकोट्या पेटवतात. आमच्याकडे सध्या सूर्य नावापुरताच, त्यामुळे साचलेली हवा दुपारीसुद्धा उठत नाही. वारा येईपर्यंत दिवसेंदिवस तशीच बसते, जणू गावात पाण्याचा तलाव भरलाय आणि आपण तळाशी आहोत.

जुनं किरुना ज्यांनी वसवलं त्यांना हे ठाऊक होतं. १९०० च्या सुमाराला खाणीचे प्रमुख यालमार लुंडबोम यांनी गाव टेकडीच्या उतारावर घेतलं. आराखडा पेर ऊलोफ हॉलमान यांचा. रस्ते मुद्दाम उताराच्या अंगाने वाकडेतिकडे ठेवले, सरळ रस्त्यातून वारा सुसाट येतो म्हणून. मी इथे आले तेव्हा त्या रस्त्यांवर रोज हरवायचे आणि आखणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचे. पहिल्या हिमवादळात कळलं, वळण घेतलं की वारा पडतो.

आता गंमत बघा. खाण गावाच्या खाली सरकत आली आहे, जमीन खचते, म्हणून गावाचं मध्यच उचलून तीन किलोमीटर पूर्वेला नेलंय. २०२२ च्या सप्टेंबरात नव्या चौकाचं उद्घाटन झालं. जागा सपाट आणि खालच्या अंगाला. रस्ते सरळ. माझी शेजारीण, वय ऐंशी, बर्फावर पायाने ढकलायची खुर्चीगाडी घेऊन बाजाराला जाते. त्या गाडीला इथे स्पार्क म्हणतात. ती नव्या चौकात गेली आणि परत येऊन एवढंच म्हणाली, "तिथे टोपीच्या आतून वारा येतो."

एडमंटनकर · ५ जानेवारी

हे जरा जास्त होतंय. तीन किलोमीटरने हवामान बदलतं? शहर हलवताना इंजिनिअर लोकांनी विचार केला नसेल?

पांढरीवाट · ५ जानेवारी

केलाही असेल. मी गाडीच्या काट्यावर रोज बघते ते सांगितलं. निरभ्र, निवांत सकाळी घरून निघताना उणे पंधरा असतं आणि खाली नव्या चौकात पोचेपर्यंत उणे बावीस. वारा असेल तर दोन्हीकडे सारखंच.

गोदाकाठ · १६ जानेवारी

काल संक्रांत. लेकीने फोटो पाठवला: सूर्य. उगवला, टेकडीच्या कडेवरून थोडा घरंगळला आणि तीनेक तासांत गेला. मेसमधल्या सगळ्यांना तिने तिळगूळ वाटला आणि "गोड बोला"चं स्वीडिश भाषांतर करायला गेली. एका मुलीने विचारलं, "हा सूर्य परत येण्याचा सण आहे का?" लेक म्हणाली, "हो." पहिल्यांदाच हे उत्तर खरं वाटलं म्हणे.

त्याच आठवड्यात पश्चिमेला शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे रंगीत ढग दिसले. ते काय असतं?

नक्षत्रवेडा · १६ जानेवारी

मोतिया ढग! वीसेक किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात. तिथे हवा उणे अठ्ठ्याहत्तरच्याही खाली गेली तरच होतात. नॉर्वेच्या डोंगरांवरून वारा उसळला की त्याची लाट तिथवर पोचते आणि ढग धरतात. मी आयुष्यभर फोटोत बघतोय आणि तुमची लेक मेसच्या खिडकीतून बघते! जाता जाता: तिच्याच गावातल्या अवकाश-भौतिकी संस्थेचा चांद्रयान-१ वरच्या 'सारा' या उपकरणात मोठा वाटा होता. तिला सांगा, तिच्या आधी किरुना चंद्रामार्गे भारताशी जोडलं गेलंय.

गोदाकाठ · २४ मार्च

ही मुलगी घरी यायला तयार नाही. ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात जाणार म्हणते. उणे आठ आहे आणि तिचं नाक उन्हाने सोललंय. हा कुठला ऋतू?

पांढरीवाट · २४ मार्च

हाच आमचा खरा ऋतू. स्वीडिशमध्ये 'व्होरविंटर', वसंत-हिवाळा. आपल्याकडे ऋतू सहा, इथल्या सामी लोकांचे आठ, आणि हा त्यातला एक. ते आठही रेनडिअरच्या वर्षावर बेतलेले: कळप कधी हलवायचा, पिल्लं कधी होतात, त्यावर. बर्फ सगळ्यांत जाड आत्ता असतो, दिवस रोज सात-आठ मिनिटांनी वाढतो, म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक तास. लोक घरासमोरच्या बर्फात आरामखुर्ची खोदून बसवतात, खाली रेनडिअरचं कातडं टाकतात आणि तोंड वर करून बसतात. बर्फावरून परत येणारं ऊन हनुवटीच्या खालूनही भाजतं, तिथेही क्रीम लावायला सांगा.

याच महिन्यात युक्कासयार्वीला तोर्ने नदीतून बर्फ कापतात. १९८९ पासून तिथे दर हिवाळ्यात बर्फाचं हॉटेल उभं राहतं, त्याच्यासाठी. एकेक ठोकळा दोन टनांचा. वाहत्या नदीचा म्हणून इतका नितळ की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं.

दर्यावर्दी · २५ मार्च

रेनडिअर थंडीत खातात काय?

पांढरीवाट · २५ मार्च

इथे माझा शून्याचा मुद्दा पुन्हा येतो. रेनडिअर बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. बर्फ भुसभुशीत असेल तर मीटरभर खोल असला तरी अडत नाही, वास लागतो. पण भर हिवाळ्यात एखाद दिवस पारा शून्याच्या वर गेला, पाऊस पडला आणि परत गोठलं की जमिनीला काचेचं झाकण बसतं. खाणं खाली दिसतंय, खूर आत जात नाही. शाळेतल्या माझ्या एका सहकाऱ्याच्या घरचे रेनडिअर आहेत (किती, ते विचारायचं नसतं, बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं). तो सांगतो की त्याच्या आजोबांच्या वेळी असं वर्ष कधीतरी यायचं, आता त्याला दर हिवाळ्यात चारा विकत घेऊन ठेवावा लागतो. उणे चाळिसाबद्दल तो कधी तक्रार करत नाही. डिसेंबरात पाऊस म्हटलं की गप्प होतो.

अबिस्कोत १९१३ पासून रोजचं तापमान टिपून ठेवलंय. पूर्वी तिथली वर्षाची सरासरी शून्याच्या खाली होती. २००० च्या सुमारानंतर ती वर गेली आहे. आकडा लहान वाटतो, पण गोठणं-वितळणं त्याच रेषेवर ठरतं. केबनेकाइसे डोंगराचं दक्षिण शिखर हिमनदीची टोपी घालून देशात सर्वांत उंच होतं. टोपी वितळून २०१९ मध्ये ते शेजारच्या खडकाळ शिखराहून बुटकं ठरलं. शाळेत भूगोलाचा तो धडा मला मध्येच दुरुस्त करावा लागला.

एडमंटनकर · २५ मार्च

आमच्याकडेही हिवाळ्यात अधूनमधून गरम वारे येऊन असंच होतं. शून्याच्या बाबतीत तुमच्याशी सहमत, लेखी देतो.

गोदाकाठ · २ जून

सासूबाई विजयी. गोधडी खिडकीला लागली. वर दोन खिळे, खाली पुस्तकांचं वजन. मैत्रिणी येऊन फोटो काढून जातात.

गोदाकाठ · २३ ऑगस्ट २०२५

धागा वर काढते आहे. या आठवड्यात किरुनाचं चर्च नव्या केंद्राकडे हलताना सबंध घराने बघितलं. १९१२ चं, लाकडी, ६७२ टनांचं, ताशी अर्धा किलोमीटरने, दोन दिवस. सासूबाई रथयात्रा बघावी तशा हात जोडून टीव्हीसमोर बसल्या होत्या.

लेकीचं शिक्षण झालं, नोकरीही तिथेच लागली. नव्या चौकाजवळ भाड्याने दोन घरं बघितली आहेत, एक पहिल्या मजल्यावर, एक चौथ्या. चौथ्याचं भाडं जास्त. आणि आता बातम्यांत वाचतेय की गोथेनबर्गच्या अभ्यासकांच्या मते नवं केंद्र हिवाळ्यात दहा अंशांपर्यंत जास्त गार पडू शकतं. पांढरीवाट, आहात का?

पांढरीवाट · २३ ऑगस्ट

आहे, आहे. चर्चमागे चालणाऱ्या गर्दीत मीही होते. अंगात जॅकेट, ऑगस्ट असला तरी.

एडमंटनकर, बघताय ना? दहा अंश हा टोकाचा आकडा आहे, रोजचा नव्हे. वारा सुटला की फरक पुसतो. पण शेजारीण टोपीतला वारा सांगत होती ते उगाच नव्हतं.

ताई, गारठ्यामुळे मजला ठरवू नका, घरं आतून सारखीच उबदार असतात. उजेडावरून ठरवा. नक्षत्रवेडा, जरा फेब्रुवारीच्या मध्याचं गणित मांडाल का?

नक्षत्रवेडा · २३ ऑगस्ट

१५ फेब्रुवारीला भर दुपारी सूर्य जेमतेम साडेनऊ अंशांवर. म्हणजे इमारतीची सावली तिच्या उंचीच्या सहापट. समोर पंधरा मीटरची इमारत असेल तर नव्वद मीटरपर्यंत सावली. मध्ये नुसता रस्ता असेल तर पहिल्या मजल्यावर ऊन यायला मार्च तरी उजाडेल.

पांढरीवाट · २३ ऑगस्ट

झालं तर. खिडकी दक्षिणेला आहे का आणि समोर काय आहे, हे तिला स्वतः जाऊन बघू दे. दलालाच्या फोटोवर जाऊ नये, ते सगळे फोटो जूनमधले असतात. आणि जिन्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट उताराची आहे का तेही बघायला सांगा. घराच्या छपरावरून वितळलेलं पाणी तिथे आलं तर ऑक्टोबरभर रोज घसरगुंडी.

गोदाकाठ · ३१ ऑगस्ट

चौथा मजला घेतला. दक्षिणेची खिडकी, समोर बसथांबा, वाट सपाट. खिडकी मात्र जुन्यापेक्षा दीड हात रुंद आहे. सासूबाईंनी गोधडीला पट्टी जोडायला घेतली.